डोळे चुरचुरण्याचा हंगाम आणि न दुखणारे आजार

कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात, निपाणीच्या बाजूला डोळे चुरचुरतात, ही गोष्ट कोणी तक्रार म्हणून सांगत नाही. तो कामाचाच भाग समजला जातो. पौष-माघात तंबाखूची काढणी होते, पाला उन्हात वाळतो, कुटून-चाळून माल वखारीत भरला जातो आणि या सगळ्या टप्प्यांत उडणारी बारीक, तिखट धूळ सर्वांत आधी डोळ्यांत आणि घशात जाते. त्याच्या आधीपासून उसाचा हंगाम चालू झालेला असतो. निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी, चिक्कोडीचा दूधगंगा-कृष्णा असे कारखाने पेटतात, गुऱ्हाळांची चुलवाणे धुमसतात, तोड झालेल्या फडांत पाचट पेटवले जाते. उन्हाळ्यात महामार्गावरची माती आणि वळवाच्या आधीचे वारे असतात. पावसाळ्यात डोळ्यांची साथ येते. पाऊस ओसरला की बांधाबांधावर गाजर गवत फुलते आणि त्याचे परागकण हवेत मिसळतात. बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रींमध्ये घासकाम करणाऱ्यांना तर हंगामाचीही गरज नाही, लोखंडाचे कण बारा महिने उडत असतात. या भागाने भावासाठी आणि मजुरीसाठी मोठे लढे दिले. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ महामार्ग अडवला आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्याच काळात वखारींतल्या स्त्रिया प्रा. सुभाष जोशी यांच्यासोबत संघटित झाल्या, आणि १९८२ मध्ये युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने त्यांच्यावर माहितीपट केला. दराला आणि मजुरीला जेवढी जागा मिळाली, तेवढी डोळ्यांत जाणाऱ्या धुळीला मात्र कधी मिळाली नाही.

हंगामी चुरचूर स्वतः क्वचितच कोणाची नजर घेते. ती जी सवय लावते, ती नजर घेऊ शकते. दरवर्षी डोळे लाल होतात, पाणी येते, खाज सुटते आणि आठ-पंधरा दिवसांत सगळे आपोआप निवळते. असे अनेक वर्षे घडले की मनात दोन समजुती घट्ट बसतात. पहिली, डोळ्याचे दुखणे म्हणजे येणारे आणि जाणारे दुखणे. दुसरी, डोळा दुखत नसेल तर तो ठीक आहे. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पहिलीमुळे जखम झालेला डोळा वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही, आणि दुसरीमुळे काचबिंदू किंवा मधुमेहाने पडद्यावर झालेला बिघाड कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून ज्या भागात डोळे सतत चुरचुरतात, त्या भागातच नियमित नेत्रतपासणीची गरज अधिक आहे.

पहिल्या समजुतीपासून सुरुवात करू. लाल डोळा बाहेरून एकसारखाच दिसतो, पण त्यामागे निदान तीन वेगळी कारणे असू शकतात. एक ॲलर्जी. यात खाज हे मुख्य लक्षण, दोन्ही डोळे एकाच वेळी सुजतात, पाणी पातळ असते आणि सोबत बहुधा शिंका असतात. दुसरा संसर्ग, म्हणजे ज्याला आपण डोळे आले म्हणतो. यात चिपडे येतात, सकाळी पापण्या चिकटतात, आणि घरातल्या एकाचे झाले की दुसऱ्याचे होते. १९६९ मध्ये आफ्रिकेतल्या घानात उठलेली अशी एक साथ १९७१ पर्यंत भारतात पोहोचली होती. १९६९ मध्येच माणूस चंद्रावर उतरला म्हणून जगभर तिला अपोलोचे नाव पडले. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून सुरू झालेली साथ महाराष्ट्रभर पसरली, आणि कर्नाटकातही तेव्हा डोळे आलेल्यांची संख्या हजारांनी वाढली. या साथींतले बहुतेक रुग्ण हात धुणे, रुमाल-टॉवेल वेगळा ठेवणे आणि थंड पाण्याच्या घड्या एवढ्यावर बरे होतात. विषाणूवर प्रतिजैविकाचे थेंब चालत नाहीत, आणि तरीही साथीत सर्वांत जास्त तेच खपतात. तिसरे कारण म्हणजे जखम: उसाच्या पानाची धार, मळणीत उडालेले भुसकट, ज्वारीच्या कणसाची कूस, लोखंडाचा कण. यात बहुधा एकच डोळा दुखतो, उजेड सहन होत नाही, नजर धूसर होते. ॲलर्जी महिनाभर थांबू शकते, साथ आठवडाभर थांबू शकते. जखम एक दिवससुद्धा थांबत नाही. आरशात पाहून या तिघांतला फरक सांगणे डॉक्टरांनाही जमणार नाही. त्यासाठी डोळ्याचा पुढचा भाग मोठा करून दाखवणारे यंत्र लागते.

जखमेच्या बाबतीत वेळ किती मोलाची असते, याचा फार स्पष्ट पुरावा आपल्यासारख्याच शेतकरी समाजातून मिळाला आहे. नेपाळमधल्या भक्तपूर भागात ३४,९०२ रहिवाशांवर दोन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. गावातल्याच आरोग्यसेवकांना शिकवले गेले, की ज्याच्या बुबुळावर खरचटले असेल त्याला तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम लावायचे. अशा ४४२ जणांपैकी ४२४ जणांच्या, म्हणजे ९६ टक्के लोकांच्या जखमा न चिघळता भरल्या. आणि जे २८४ जण १८ तासांच्या आत आले, त्यांच्यातल्या एकालाही व्रण झाला नाही. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. महाग औषध नव्हते, शस्त्रक्रिया नव्हती, मोठे रुग्णालय नव्हते. होती ती वेळ. आता याच्या शेजारी आपल्याकडची रीत ठेवून पाहा. पान लागले की पाण्याने डोळा धुतला जातो, जे योग्यच आहे. मग कोणी मध घालते, कोणी तुळशीचा रस, कोणी एरंडेल, कोणी बाळंतिणीचे दूध. उसाच्या आणि इतर पिकांच्या पानांबरोबर बुरशीचे कण डोळ्यात जातात, आणि आपल्याकडच्या उष्ण-दमट हवेत बुबुळावरच्या व्रणांत बुरशीचा वाटा मोठा असतो. बुरशीचा व्रण हळूहळू वाढतो, म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत तो साध्या लालीसारखाच वाटतो. तो भरला तरी बुबुळावर पांढरा डाग राहतो, आणि डाग मधोमध असेल तर त्या डोळ्याची नजर गेलेली असते.

सर्वांत जास्त काळजी वाटावी अशी गोष्ट मात्र मधातुळशीची नाही, औषध दुकानातल्या छोट्या बाटलीची आहे. डोळे खाजतात म्हणून दुकानात जावे आणि स्टेरॉइड असलेले थेंब घेऊन यावे, हे सर्रास घडते. या थेंबांनी दोन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते, आणि म्हणूनच माणूस तीच रिकामी बाटली पुढच्या हंगामात दुकानदाराला दाखवून नवी मागतो. कायद्याने हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. त्यामागचे कारण साधे आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील बर्नार्ड बेकर आणि मन्सूर अर्माली यांनी दाखवून दिले, की काही आठवडे स्टेरॉइडचे थेंब घातले तर साधारण तिघांपैकी एकाच्या डोळ्यातला दाब वाढतो, आणि शंभरातल्या पाच-सहा जणांचा दाब फारच वाढतो. वाढलेला दाब दुखत नाही. तो मागच्या नसेला आतून इजा करत राहतो आणि त्यातून काचबिंदू होतो. दीर्घ वापराने मोतीबिंदूही लवकर येतो. आणि जखमेत बुरशी असेल तर हेच थेंब लाली दाबून बुरशीला वाढायला मोकळे रान देतात. याचा फटका सर्वांत जास्त मुलांना बसतो. उन्हाळ्यात उसळणारी एक तीव्र ॲलर्जी पाच ते पंधरा या वयात, मुलींपेक्षा मुलांत जास्त दिसते. डोळे प्रचंड खाजतात, दोरीसारखी चिकट चिपडे येतात, ऊन सहन होत नाही. मूल दिवसभर डोळे चोळते, आणि वर्षानुवर्षे चोळण्याने बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा धोका वाढतो. बहुतेकांची ही ॲलर्जी वयात आल्यावर आपोआप शमते. म्हणजे रोग जातो, पण पाच वर्षे दुकानातून आणलेल्या थेंबांनी झालेला काचबिंदू आयुष्यभर राहतो. यापेक्षा टाळता येण्याजोगे अंधत्व शोधून सापडणार नाही. ॲलर्जीवर सुरक्षित थेंब आहेत, ते स्वस्त आहेत, आणि काही मुलांना स्टेरॉइड खरोखरच लागते. फक्त ते किती दिवस घालायचे आणि मध्ये दाब केव्हा मोजायचा, हे तपासणाऱ्याने ठरवायचे असते.

आता दुसरी समजूत, न दुखणारा डोळा ठीक असतो ही. २०१५ ते २०१९ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी १.९९ टक्के लोक अंध आढळले. त्यातले ६६.२ टक्के मोतीबिंदूने, ८.२ टक्के बुबुळावरच्या डागांमुळे आणि ५.५ टक्के काचबिंदूने अंध झाले होते. एकूण अंधत्वापैकी ९२.९ टक्के टाळता येण्याजोगे किंवा बरे करता येण्याजोगे होते. यातले मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही सुरुवातीला दुखत नाहीत. मोतीबिंदू निदान नजर अंधूक करून आपली चाहूल देतो, आणि शस्त्रक्रियेने गेलेली नजर परत येते. काचबिंदूचे तसे नाही. तो कडेची नजर आधी खातो. समोरचे अक्षर, समोरची विडी, समोरचा चेहरा शेवटपर्यंत स्पष्ट दिसत राहतो, म्हणून माणूस निर्धास्त असतो. भारतातल्या वेगवेगळ्या लोकसंख्या-पाहण्यांत काचबिंदू सापडलेल्या दहांपैकी नऊ किंवा त्याहून जास्त लोकांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हते. चाळिशीपुढच्या अशा रुग्णांची देशातली संख्या २०१० मध्ये १ कोटी १२ लाख धरली गेली होती. गेलेली नस कोणत्याही औषधाने परत येत नाही, राहिलेली मात्र साध्या थेंबांनी वाचते. मधुमेहाची कथा अशीच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या झिरपू लागतात तेव्हाही माणसाला सगळे नीट दिसत असते. त्या टप्प्यावर सापडले तर उपाय आहे: १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत लेसर उपचाराने तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी झाला होता. रक्तस्राव होऊन डोळ्यापुढे अंधार आल्यावर मात्र उपचार फार अवघड होतात.

याला एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. अमेरिकेत रोगप्रतिबंधक सेवांचा विचार करणाऱ्या तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये म्हटले, की काहीही तक्रार नसलेल्या प्रौढांची काचबिंदूसाठी सरसकट चाचणी करावी की नाही, हे ठरवण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. मग निपाणीतल्या विडी कामगार बाईने वर्षातला एक दिवस का मोडावा? माझे उत्तर असे. पुरावा अपुरा असणे आणि तपासणी निरुपयोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या गटानेही तपासणी करू नका असे म्हटलेले नाही. शिवाय तो प्रश्न सरसकट सर्वांचा होता. मीही वीस वर्षांच्या निरोगी तरुणाला दरवर्षी रांगेत उभे करा असे म्हणत नाही. मधुमेहींनी नियमित पडदा तपासावा, याबद्दल कुठेही दुमत नाही. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे, त्यांचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, हेही पक्के आहे. आणि सीमाभागापुरते बोलायचे तर स्टेरॉइडचे थेंब वर्षानुवर्षे घातलेले लोक हा आणखी एक गट आपण आपल्या हातांनी तयार केला आहे. ज्या समाजात नव्वद टक्के काचबिंदू न ओळखलेला राहतो, तिथे वाट पाहण्याची किंमत वेगळी असते.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा आहे, आणि तो खरा आहे. वखारीत किंवा फडात रोजावर जाणाऱ्याचा दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे बुडालेला रोज. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले की पुढचे काही तास जवळचे दिसत नाही, म्हणजे परत येऊन कामही होत नाही. पण या हिशेबाला दुसरी बाजू आहे. चाळिशीनंतर प्रत्येकाची जवळची नजर कमी होते. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर एक चाचणी झाली आणि ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या निम्म्या लोकांना जवळचा साधा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना नंतर. चष्मा मिळालेल्यांची रोजची पानतोडणी दुसऱ्या गटापेक्षा २१.७ टक्क्यांनी जास्त वाढली. चहाची पाने खुडणाऱ्या हातांना जर एवढा फरक पडतो, तर पान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून विडी वळणाऱ्या बोटांना तो पडणार नाही असे मानायला काही आधार नाही. विडीची मजुरी नगावर मिळते. नजर कमी झाल्याने रोज थोडी थोडी बुडणारी मजुरी कोणी मोजत नाही, दवाखान्याचा एक दिवस मात्र सगळे मोजतात.

सीमाभागातल्या मराठी माणसाची आणखी एक अडचण आहे, जी पुण्या-मुंबईच्या आरोग्यलेखांत कधी येत नाही. उपचार कुठे घ्यायचे, कोणत्या भाषेत बोलायचे, कोणत्या राज्याचे कार्ड चालेल, यातच माणूस थकतो. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचे ठरवले, तेव्हा दोन राज्यांत वाद पेटला. त्या वादात कोणाची बाजू बरोबर यात इथे शिरत नाही. पण एवढे खरे, की अशा योजना बहुतांशी रुग्णालयात दाखल झाल्यावर, शस्त्रक्रिया ठरल्यावर उपयोगी पडतात. डोळ्याची नजर वाचते किंवा जाते ती त्याच्या कितीतरी आधी, साध्या तपासणीच्या टप्प्यावर. आणि ती तपासणी कोणत्याही राज्याच्या कार्डावर अडलेली नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून दोन्ही राज्यांत आहे. बेळगावचे जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचे रुग्णालय आहे, निपाणीकरांना कोल्हापूर आणि मिरजही दूर नाही. नंबर काढणारे चष्म्याचे दुकान मात्र याला पर्याय नाही. दुकानात समोरची अक्षरे वाचली जातात आणि त्यातून चष्मा मिळतो. डोळ्यातला दाब, मागची नस आणि पडदा तिथे पाहिला जात नाही. काचबिंदूचा रुग्ण शेवटची ओळसुद्धा वाचून दाखवू शकतो. मोतीबिंदूच्या शिबिरांचे ऋण मोठे आहे, पण तिथेही लक्ष मुख्यतः मोतीबिंदूवर असते.

पूर्ण तपासणी म्हणजे फार मोठे प्रकरण नाही. लांबची आणि जवळची नजर, डोळ्याच्या पुढच्या भागाची यंत्रातून पाहणी, दाब, आणि बाहुली मोठी करून पडदा व नस. अर्धा-पाऊण तास तपासणीचा, बाकी वेळ थेंबांचा परिणाम होण्याचा. चाळिशीला एकदा, मग दोनेक वर्षांनी. मधुमेह असेल किंवा घरात काचबिंदू असेल तर दरवर्षी. मुलांचे डोळे शाळेत घालण्यापूर्वी एकदा दाखवावेत, कारण आळशी डोळा सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर सुधारतो, पुढे फार अवघड जाते.

आणि चुरचुरीचे काय, तर तिच्यावर उपाय बहुतेक वेळा साधेच आहेत. धुळीच्या कामात बंद बाजूंचा चष्मा, काम संपल्यावर स्वच्छ पाण्याने चेहरा आणि हात धुणे, डोळे न चोळणे, काजळ-सुरमा टाळणे, कारण काही सुरम्यांत शिसे सापडते. वखारमालकांनी आणि फाउंड्रीवाल्यांनी हे चष्मे स्वतःच्या खर्चाने द्यावेत. कामगार संघटनांनी ती मागणी मजुरीच्या मागणीशेजारी ठेवावी. औषध दुकानदारांनी चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे थेंब देणे आजच बंद करावे, एवढे एक जरी झाले तरी अनेक मुलांची नजर वाचेल. आणि वाचकांना एकच विनंती: यंदा तंबाखूच्या, उसाच्या किंवा साथीच्या दिवसांत डोळे लाल झाले आणि दवाखान्यात जायची वेळ आलीच, तर थेंबांची चिठ्ठी घेऊन लगेच निघू नका. लाली उतरल्यावर दाब आणि पडदा तपासायला केव्हा येऊ, हे डॉक्टरांना विचारा, ती तारीख लिहून घ्या आणि घरातल्या चाळिशीपुढच्या माणसांना सोबत घेऊन त्या दिवशी जा.